बीपीची गोळी आणि बाईंची ड्रायव्हिंग टेस्ट

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. (एकदम वाकायला आणि वाकल्यावर एकदम उठायला मला मनाई आहे, तेव्हा हा नमस्कार मी कपाटाला धरून, सावकाश, दोन टप्प्यांत केला आहे असं समजावं. आदर पूर्वीइतकाच आहे, वेग तेवढा कमी झाला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामींची बाग कशी आहे? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. बायको बरी आहे, स्वयंपाकघरातला गळका नळ बरा झाला आहे, आणि मी जिवंत आहे. यातली शेवटची बातमी मी पूर्वी पत्रात लिहीत नसे, ती गृहीत धरलेली असे. आता लिहावी लागते, आणि लिहिताना हात किंचित थरथरतो. अक्षर वाईट आलं असेल तर ते त्यामुळे. (एरवीही वाईटच येतं, पण यावेळी कारण आहे.)

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा माणसांच्या शेजारी बसायचं आणि त्यांना ती खरोखरच चालवता येत नाही याची खात्री करून घ्यायची. लायसन्सच्या परीक्षकाला लोक कडक समजतात. तो कडक नसतो मामा, आखडलेला असतो. समोरून ट्रक येत असताना शेजारचा इसम गिअर शोधायला खाली वाकतो, तेव्हा आपल्याला चेहरा दगडासारखा ठेवून कागदावर खूण करावी लागते. असे दगडी चेहरे करता करता आत काय साचत गेलं कोण जाणे. गेल्या थंडीत ऑफिसात सगळ्यांची तब्येत तपासायची टूम निघाली. नर्सने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे बघून गोड हसली. दवाखान्यातलं माणूस आकडा बघून गोड हसायला लागलं की आपण घाबरायला सुरुवात करावी. तिने पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. (त्या हातावर तिचा जास्त विश्वास असावा.) मग म्हणाली, थोडा वेळ शांत बसा. शांत बसा असं सांगितल्यावर शांत बसू शकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी तिथे बसून आमच्या घराण्यात कोण कोण कशाने गेलं याची उजळणी केली आणि तिसऱ्यांदा पट्टा फुगला तेव्हा आकडा आणखी वर गेला होता.

पुढे घरी मशीन आणून मोजलं, सकाळी मोजलं, जेवणाआधी मोजलं, बायकोशी बोलण्याआधी आणि बोलल्यानंतर मोजलं. आकडा काही खाली यायला तयार नव्हता. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. माझ्याकडे टेस्टला आली असती तर मी वयाचा दाखला मागितला असता. पण बोलणं अगदी शांत. तिने छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की दाब तर जास्त आहेच, शिवाय बसल्या जागी ठोकेही पळताहेत, तेव्हा आपण बीटा-ब्लॉकर सुरू करू.

मामा, आता तुम्हीच सांगा. हृदयात ब्लॉक निघाला की माणसं ऑपरेशन करून तो काढून घेतात, घरचे सगळे रडतात, शेजारी भेटायला येतात. आणि मी मात्र रोज सकाळी पेलाभर पाण्याबरोबर आपण होऊन ब्लॉकर गिळायचा! मी तसं बोललोही. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, ‘तो ब्लॉक वेगळा, हा वेगळा. तुम्ही घाबरलात, चिडलात की शरीर हृदयाला निरोप पाठवतं, पळ म्हणून. ही गोळी तो निरोप नीट पोचू देत नाही. मग ठोके कमी पडतात, जोर कमी लागतो, दाब उतरतो.’ मग तिने मला दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की हातपाय गार वाटतील, थकवा येईल, एकदम उठलं तर चक्कर येईल, त्याचं घाबरायचं नाही, जास्त त्रास झाला तर तिला येऊन सांगायचं. दुसरी गोष्ट ती सांगत होती तेव्हा मी टेबलाखाली स्वतःचं मनगट धरून नाडी मोजत होतो, त्यामुळे ती मला ऐकू आली नाही. पुढचं सगळं रामायण त्या न ऐकलेल्या दुसऱ्या गोष्टीमुळे घडलं.

घरी येऊन खोक्यातला कागद उघडला. तो उघडतच गेला. चहाच्या टेबलावर मावेना म्हणून पलंगावर पसरला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय काय होऊ शकतं याची यादी होती. बायको चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, पण तिनेसुद्धा हात टेकले. म्हणाली, ‘अहो, हे वाचायचं नसतं, खोक्यात ठेवायचं असतं.’ पण मी वाचलं. जे वाचलं ते मला झालं. हात इतके गार पडले की एका उमेदवाराचं अभिनंदन करायला हात पुढे केला तर तो दचकून मागे सरला. दुपारी तीनच्या सुमारास असा थकवा येई की गाडी रिव्हर्स घ्यायला सांगायचंही जिवावर येई, मग लोक जातील तसं पुढेच जाऊ द्यायचो. स्वप्नं पडायची ती रंगीत, आवाजासकट. (एका स्वप्नात मी स्वतःच टेस्ट देत होतो आणि शेजारी तुम्ही परीक्षक होता. तुम्ही मला नापास केलंत. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.) आणि नाडी! नाडी इतकी निवांत चालायची की एका ठोक्यानंतर पुढचा येईपर्यंत मला वाटायचं, झालं, संपलं. मग तो यायचा. मग पुन्हा वाट. बसस्टॉपवर उभं राहिल्यासारखं.

आपल्या भाषेचंही मला नवल वाटायला लागलं. काळजाचा ठोका चुकला, छातीत धस्स झालं, पोटात गोळा आला, हातपाय गार पडले, जन्मभर हे शब्द मी गप्पा मारताना वापरले. आता त्यातला एकेक शब्द माझ्या अंगात राहायला आला होता. कोणी सहज म्हटलं की तुला बघून काळजाचा ठोका चुकला, की मी विचारायचो, कधी? आधी कधी चुकला होता का?

खरं भ्यालो ते टँकरच्या दिवशी. एक उमेदवार, धंद्याने केशकर्तनकार, वळण घेताना सरळ पाण्याच्या टँकरवर निघाला. माझ्या बाजूला ब्रेक असतो तो मी दाबला आणि गाडी टँकरपासून वीतभर अंतरावर थांबली. केशकर्तनकार पांढराफटक. टँकरवाला खाली उतरून आम्हा दोघांच्या घराण्यांबद्दल बोलायला लागला. आणि मी? मी घाबरलो होतो, डोक्यात सगळं लख्ख होतं, आत्ता मेलो असतो हे कळत होतं, पण छातीत काही नाही. हृदय आपलं पेपर वाचत बसल्यासारखं संथ. मला कापरं भरलं ते त्या संथपणाचं. वाटलं, एक दिवस मी मरेन आणि छातीतल्या या पेपरवाचकाला पत्ताच लागणार नाही. गाडीतून घाईने उतरलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि फुटपाथवर मटकन बसलो. रांगेत उभे असलेले बाकीचे उमेदवार माझ्याकडे आणि केशकर्तनकाराकडे आळीपाळीने बघत होते. दोघेजण तर अर्ज घेऊन घरीच गेले.

आता मी काय करायला हवं होतं? डॉक्टरला जाऊन सांगायला हवं होतं. तिने गोळी कमी केली असती, बदलली असती, काहीतरी केलंच असतं. पण आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जे दुसरे परीक्षक बसतात, त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांनी माझा फिकट चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून जवळ आले. त्यांचं म्हणणं, ही गोळी एकदा चिकटली की आयुष्यभर सुटत नाही, हृदयाला आळशी करते, शेवटी ते हृदय स्वतःहून काही करायचंच विसरतं. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सगळ्या गोळ्या फेकून दिल्या आणि आता ते डोंगर चढतात. (कुठला डोंगर, कोण गृहस्थ, हे मी विचारलं नाही. घाबरलेला माणूस चौकशी करत नाही, नुसती मान हलवतो.) मी त्यांना विचारलं, तुमचं बीपी किती असतं? म्हणाले, ‘मी मोजतच नाही, म्हणून तर ठणठणीत आहे.’ आणि मामा, मला ते पटलं! लोकांच्या डोळ्यांत बघून त्यांनी आरसा पाहिला की नाही हे ओळखणारा मी, मला ते पटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी तोंडात धरायचो, बायकोसमोर पाणी प्यायचो, आणि बाथरूममध्ये जाऊन ती काढून पुसून पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत ठेवायचो. टाकून का दिली नाही विचाराल तर तेवढी हिंमत नव्हती. गोळी घ्यायची भीती आणि टाकायची त्याहून जास्त, म्हणून दोन्ही भीती खिशात घेऊन हिंडायचो. पहिले एकदोन दिवस काय सांगू! हातांना ऊब आली, दुपारी झोप येईना, मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढलो. सर्वज्ञांना डोळ्यांनीच धन्यवाद दिले. मग एका सकाळी उठलो तो डोकं ठणकत होतं आणि छातीत कोणीतरी जिने चढत होतं. मला वाटलं, रात्री जेवण जड झालं. चहा घेतला, बोटं कपावर टकटक करत होती. ही म्हणाली, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, छान वाटतंय. आणि कामावर गेलो, कारण त्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंची टेस्ट होती.

या बाईंबद्दल तुम्हाला सांगायला हवं. शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ, इस्त्रीची साडी, हातात चौकोनी पर्स. मी त्यांना अनेकदा नापास केलं होतं आणि दरवेळी त्या माझ्याकडे असं बघायच्या की मला घरी जाऊन गृहपाठ करावासा वाटायचा. त्यांची चूक वेगळीच. त्यांना गाडी येते, नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, पण चौकातलं मोठं सर्कल आलं की त्या थांबतात. सगळं सर्कल पूर्ण रिकामं झाल्याशिवाय आत शिरायचं नाही असा त्यांचा बाणा. आमच्या गावचं सर्कल भर दुपारीसुद्धा रिकामं होत नाही. मागे हॉर्नचा गजर होतो, त्या काच खाली करून मागच्यांना सांगतात, ‘एकेकाने बोला,’ आणि टेस्टची वेळ संपते.

त्या दिवशी चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची परीक्षा त्यांनी झकास पार पाडली. मी खूण करायला पेन उचललं आणि ते बोटांतून गळून पडलं. छातीवर कोणीतरी गुडघा ठेवून दाबावं तसं झालं. कानात ठोके ऐकू यायला लागले, कपाळावरून घाम ओघळला, आणि छातीतला तो संथ पेपरवाचक अचानक उठून दारावर धडका मारत सुटला. मी कसाबसा म्हणालो, ‘बाई, गाडी बाजूला घ्या.’

त्यांनी आरसा पाहिला. इंडिकेटर दिला. खांद्यावरून मागे पाहिलं. फुटपाथला समांतर, हातभर अंतर सोडून, सुरेख गाडी लावली आणि हँडब्रेक ओढून म्हणाल्या, ‘झालं. पुढे?’

‘मला बरं वाटत नाहीये.’

‘हेही परीक्षेत असतं का?’

मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. फोन काढून ॲम्ब्युलन्सला लावला. पलीकडून सांगितलं की सगळ्या गाड्या बाहेर आहेत, जवळची यायला वेळ लागेल. बाईंनी विचारलं, किती वेळ? पलीकडे कोणीतरी काहीतरी बोललं. ‘तुम्हाला नक्की माहीत नाही, असं सरळ सांगा,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि समोर बघितलं. हॉस्पिटल सर्कलच्या पलीकडच्या वळणावर होतं. मध्ये सर्कल होतं.

मामा, या क्षणी मला दोन भीती होत्या आणि त्यातली मोठी कोणती हे आजही सांगता येणार नाही. एक छातीतली. ती थट्टेची नव्हती. मला खरंच वाटलं की हे शेवटचं. मनात विचार आला तो डब्याचा. सकाळी हिने डबा भरून दिला होता, तो ऑफिसात टेबलावर होता आणि मी खाल्ला नाही हे तिला संध्याकाळी कळेल, आणि तेव्हा मी नसेन. एवढाच विचार, पुन्हा पुन्हा. डोळ्यांत पाणी आलं. दुसरी भीती बाईंची.

बाईंनी हेडलाइट लावले, हॉर्नवर तळहात ठेवला आणि गाडी सर्कलकडे सोडली. सर्कल भरलेलं होतं. डावीकडून बस, मध्ये टेम्पो, एक सायकलवाला हात सोडून. बाई थांबल्या नाहीत. माझा पाय सवयीने आपोआप माझ्याकडच्या ब्रेकवर गेला आणि गाडी सर्कलच्या तोंडाशी गचकन थांबली.

‘पाय काढा त्याच्यावरून!’

‘बाई, बस...’

‘बस मला दिसते आहे. पाय वर घ्या. दोन्ही. सीटवर!’

मी मांडी घालून बसलो. सरकारी गाडीत, युनिफॉर्ममध्ये, घामाने भिजलेला, मांडी घालून. बाईंनी पहिला गिअर टाकला आणि हॉर्न वाजवत त्या भोवऱ्यात शिरल्या. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. बसवाल्याने डोकं बाहेर काढलं, त्याला त्यांनी नुसतं एक बोट दाखवलं, वर्गात मागच्या बाकाला दाखवतात तसं, आणि मोठी बस जागच्या जागी थांबली. मी डोळे मिटले. बाईंचा आवाज ऐकू येत होता, ‘श्वास घ्या. सावकाश. सोडा. पुन्हा. माझ्याबरोबर.’ मी त्यांच्याबरोबर श्वास घेतला. पुढचा सिग्नल लाल होता. दोन्हीकडे बघून, हॉर्न वाजवून त्यांनी तो ओलांडला आणि ओलांडताना स्वतःशीच म्हणाल्या, ‘इथे मी नापास.’ हॉस्पिटलच्या बाहेर जायच्या फाटकातून आम्ही आत गेलो. शिट्टी फुंकत पहारेकरी धावत आला. ‘शिट्टी काय वाजवता, स्ट्रेचर आणा,’ म्हणाल्या, आणि तो खरंच स्ट्रेचर घेऊन आला. गाडी दोन जागा अडवून तिरपी उभी होती, मागचा दिवा कचऱ्याच्या डब्यावर आपटून फुटलेला. स्ट्रेचरवर झोपता झोपता माझ्या हे लक्षात आलं. सवय.

आत छातीला वायरी चिकटवल्या, रक्त घेतलं, कागदाची लांब पट्टी निघाली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं घेता? मी म्हणालो, बीटा-ब्लॉकर घेतो. त्यांनी पडद्यावरचे ठोके बघितले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, घेता? मी उत्तर देण्याच्या बेतात होतो तेवढ्यात ही आली. दुकानातून तशीच धावत आलेली, गळ्यात अजून अक्षरं दाखवायची पट्टी लटकत होती. तिने माझा हात धरला. धावून तिचा घसा कोरडा पडला होता. माझी पँट खुर्चीवर ठेवलेली होती, पँटच्या खिशात पेपरमिंटची डबी असते हे तिला माहीत. ती काढली, उघडली, एक गोळी चिमटीत धरून तोंडाशी नेली आणि थांबली.

मामा, सर्कलपेक्षा तो क्षण वाईट होता. तिने गोळी उलटसुलट करून पाहिली. डबीत पाहिलं. डबी डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी आत डोकावलं आणि म्हणाले, ‘म्हणजे एकदम बंद केल्या. ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे सांगितलं नव्हतं का कोणी?’

ती दुसरी गोष्ट. ती हीच होती.

मग त्यांनी समजावलं. एवढे दिवस गोळीने हृदयाला आवरून धरलेलं असतं, आणि शरीर तिकडे निरोप ऐकायची जास्त तयारी करून बसलेलं असतं. अचानक गोळी काढली की सगळे निरोप एकाच वेळी आत घुसतात, ठोके बेफाम, दाब आधीपेक्षा वर. म्हणाले, ‘उतारावर ब्रेक एकदम सोडल्यासारखं. कधी कधी झटकाही येतो. तुम्हाला आला नाही हे नशीब.’ पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. मी म्हणालो, मग आता? तर ते म्हणाले, बंद करायची असेल तरी हळूहळू, आठवड्या-आठवड्याने कमी करत, आणि आम्हाला विचारून. सध्या पुन्हा सुरू करू, कमी मात्रेने, आमच्या डोळ्यांदेखत.

ते गेल्यावर ही बाजूच्या स्टुलावर बसली. बराच वेळ गळ्यातली पट्टी उलगडत आणि गुंडाळत होती. मग म्हणाली, ‘गोळीची भीती वाटत होती तर मला का नाही सांगितलंत?’

‘तू घाबरली असतीस.’

‘आता काय मी नाचतेय?’ म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला. माझा गारच होता, पण तिचा माझ्याहून गार होता. तिला तर कुठलीच गोळी सुरू नाही.

बाई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून होत्या. माझा धोका टळला हे कळेपर्यंत घरी गेल्या नाहीत. मग आत येऊन पायाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सिग्नल तोडला, उलट्या फाटकातून शिरले, दिवा फोडला. नापास लिहा.’ मी म्हणालो, बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात. त्या म्हणाल्या, ‘तो वेगळा विषय आहे.’ मी नापास लिहिलं. (त्यांच्यासमोर खोटं लिहायची माझी प्राज्ञा नव्हती.) पुढची टेस्ट सर्वज्ञांनी घेतली. बाई सर्कलपाशी क्षणभरही थांबल्या नाहीत म्हणे. पास झाल्या. सर्वज्ञ परत आले ते पाण्याचे तीन पेले प्यायले, खुर्चीत बसून राहिले, आणि मी पुन्हा कामावर आलो त्या दिवशी इकडे तिकडे बघून हळूच मला विचारलं, ‘तुमची ती डॉक्टर मुलगी कुठे बसते हो?’

मी आता बरा आहे. त्याच मुलीकडे जाऊन सगळं कबूल केलं. तिने गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली, मात्रा बेताची, हात पूर्वीइतके गार पडत नाहीत, स्वप्नं पुन्हा काळी-पांढरी झाली. रोज सकाळी ही समोर उभी राहते, मी गोळी गिळतो आणि तोंड उघडून दाखवतो. भीती गेली का? नाही गेली. मला अजून गोळीची भीती वाटते, बंद करायची वाटते, पट्ट्याची वाटते. फक्त आता ती मी मोठ्याने बोलून दाखवतो, आणि घरात दोन माणसं मिळून घाबरतात. त्याने ती निम्मी होते असं नाही, पण धरायला सोपी जाते.

तुम्ही दोघं प्रकृतीला जपा. मामींना नमस्कार आहेच.

तुमचा,
भाचा

ता. क. मामा, एवढं लांबण मी गंमत म्हणून लावलं नाही. परवा मामींचा फोन आला होता. तुमच्यासमोर नव्हता, तुम्ही फिरायला गेला होता. तुम्हालाही उन्हाळ्यापासून हीच गोळी सुरू आहे, आणि गेल्या सोमवारी नाश्त्याच्या टेबलावर तुम्ही जाहीर केलंत की मी ठणठणीत आहे, उद्यापासून बंद. मामी म्हणाल्या, यांना सांगणार कोण? फोनवर मी बोललो तर तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून द्याल, म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. तुमच्या पाया पडतो (टप्प्याटप्प्याने), हे हातात पडल्याबरोबर तुमच्या डॉक्टरांना फोन करा, किती दिवस गोळी घेतली नाही ते खरं सांगा, आणि ते म्हणतील तेवढीच पुन्हा सुरू करा. स्वतःच्या मनाने भरपाई म्हणून जास्त घेऊ नका. बंदच करायची असेल तर तेही त्यांनाच विचारून, हळूहळू. मी गुरुवारी येतो आहे, बसने. बाई म्हणाल्या होत्या की गाडीने सोडते. मी हात जोडून नकार दिला. हृदय नुकतंच सावरतं आहे.

ता. क. दुसरा. मामी, तुम्हीच हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असणार, त्यांचा चष्मा कधीच सापडत नाही. एवढं मात्र मनातल्या मनात वाचा. छातीत दुखलं, दम लागला, घाम सुटला, तर गुरुवारची वाट पाहू नका, माझी तर मुळीच नको. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. ते नाही म्हणतील, त्यांचं ऐकू नका. ते काहीतरी विनोद करतील, हसू नका. मला या जगात रक्ताचं मोठं असं दुसरं माणूस उरलेलं नाही, मामी. ते गेले तर मला अरे म्हणणारं कोणी राहणार नाही.

आता तुम्ही वाचता वाचता गप्प झालात म्हणून ते विचारत असतील, काय लिहिलंय एवढं? सांगा त्यांना, काही नाही, भाचा भित्रा आहे असं लिहिलंय.